पोच

‘नोंद झाली’ हे दोन शब्द मी दिवसातून किती वेळा उच्चारीत असेन याचा हिशेब मी कधी ठेवलेला नाही. केंद्र सरकारच्या एका कचेरीत आवक टपालाच्या खिडकीशी बसणाऱ्या कारकुनाच्या जिभेवर ते असे बसलेले असतात की, ते म्हणताना मन दुसरीकडे कोठेही भटकू शकते. कोलकात्यास बदलून आल्यापासून ते मी बंगालीत म्हणतो, एवढाच काय तो फरक. ‘होये गेछे’ म्हणावयाचे, छापून आलेली पोच काचेखालून पुढे सरकवावयाची, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाकडे पाहावयाचे. या शब्दांचा अर्थ काय, असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आणि विचारला असता तर मी हसलो असतो. नोंद झाली म्हणजे नोंद झाली!

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मात्र तो प्रश्न मला एका वृद्ध बाईंनी विचारला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी संगणकाच्या तळघरात जाऊन पोहोचलो.

आधी माझ्या अपराधाची हकीकत सांगितली पाहिजे. आमच्या विभागात निवृत्तिवेतनासंबंधीचे अर्ज हातोहात येतात. त्यांची नोंद पूर्वी जाडजूड वहीत होत असे. विज्ञानाची पदवी घेतल्यानंतर हौसेने थोडीफार शिकलेली पायथन भाषा मला स्वस्थ बसू देईना. वरिष्ठांच्या तोंडी संमतीने मी एक छोटी आज्ञावली लिहिली. अर्जदाराचे नाव, विषय आणि तारीख भरावयाची, कळ दाबावयाची. की नोंद एका फायलीच्या शेवटी जोडली जाई आणि अनुक्रमांकासह पोच छापून बाहेर येई. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू केले की, आज्ञावली फायलीतल्या ओळी मोजून पुढचा क्रमांक स्वतःच धरी. विभागात माझे कौतुक झाले. ‘दादा, आपनि तो मस्त लोक,’ असे शेजारच्या मेजावरून ऐकू आले, आणि ते मला फार गोड लागले हे लपविण्यात अर्थ नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी चारच्या सुमारास कालबैशाखी आली. बंगालमध्ये राहिलेल्या वाचकांस हे वादळ सांगावयास नको. वायव्येकडून काळेकुट्ट आभाळ चढते, धूळ उडते, खिडक्यांची तावदाने आपटू लागतात, आणि दहा मिनिटांत दिवसाची रात्र होते. दिवे गेले. यंत्राला जोडलेल्या बॅटरीने साथ दिली नाही. ती बदलण्याचा प्रस्ताव तेव्हा तिसऱ्या मेजावर विचाराधीन होता. त्या दिवशी मी सदतीस अर्ज घेतले होते, ३९९ पासून ४३५ पर्यंत. पोचा लोकांच्या हाती पडल्या होत्या, अर्ज टोपलीत होते. पाऊस थांबल्यावर मी चिखल तुडवीत घरी गेलो. पुढचे दोन दिवस मी रजेवर होतो आणि खिडकीवर दुसरा सहकारी बसला. त्याने यंत्र सुरू केले. यंत्राने ओळी मोजल्या. त्या भरल्या ३९८. पहिल्या अर्जदारास ३९९ क्रमांक मिळाला, आणि गाडे पूर्ववत् चालू झाले.

ज्या बाईंविषयी मी सांगतो आहे त्यांचा क्रमांक ४१२ होता. यजमानांच्या पश्चात् कुटुंब-निवृत्तिवेतनाची थकबाकी मिळावी म्हणून त्यांचा अर्ज होता. दुसऱ्या दिवशी ज्याला ४१२ क्रमांक मिळाला त्या गृहस्थाचा अर्ज केवळ पत्ता बदलण्याचा होता. तो आठवड्यात निकालात निघाला. दप्तर लावणाऱ्या माणसाने एकाच क्रमांकाचे दोन कागद दिसल्यावर तेच केले जे कोणीही केले असते. ते एकत्र टाचले, आणि दोन्ही अभिलेखागारात गेले. जून महिन्यात बाईंनी शेजारच्या मुलाला चौकशीस पाठविले. खिडकीवर मीच होतो. मी क्रमांक पाहिला आणि सांगितले, ‘४१२ निकाली निघाले आहे.’ बाई बिचाऱ्या पैशांची वाट पाहत बसल्या. ऑगस्टमध्ये त्या स्वतः आल्या, ती घडी पडलेली पोच हातात धरून.

कागद सापडावयास दोन दिवस लागले. त्यांना बसवून मी सारे समजावून सांगितले. म्हणजे मला जेवढे समजले होते तेवढे. वीज गेली, त्यामुळे यंत्रातली नोंद पुसली गेली, असे मी म्हणालो. बाईंनी ऐकून घेतले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. ‘किंतु बाबा,’ त्या म्हणाल्या, ‘आपनि तो बोलेछिलेन, होये गेछे.’ वीज जाण्यापूर्वी निदान तीन तास आधी मी तसे म्हणालो होतो. मग तीन तास ती नोंद होती कोठे?

‘मासिमा, मी शोधून सांगतो,’ असे मी म्हणालो खरा. पण त्या काही उत्तरासाठी पुन्हा येणार नव्हत्या.

रात्री घरी जुन्या यंत्रावर मी शोध सुरू केला. लिनक्समध्ये ‘एसट्रेस’ नावाचे एक साधन असते. एखादी आज्ञावली चालू असताना ती खालच्या थराकडे कोणकोणत्या मागण्या करते, याची ते ओळीने यादी देते. येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. आपण लिहितो ती आज्ञावली संगणकाच्या तबकडीला, पडद्याला किंवा कळफलकाला स्वतः हात लावू शकत नाही. तो अधिकार फक्त कर्नलचा. (हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मिशाळ लष्करी अधिकारी उभा राहिला होता. अर्थ मात्र साधा आहे : गर, गाभा.) प्रक्रियकामध्येच अधिकाराच्या पायऱ्या कोरलेल्या असतात, गाभा सर्वांत वरच्या पायरीवर, आणि तुमच्याआमच्या आज्ञावल्या सर्वांत खालच्या. खालच्या पायरीवरून तबकडीशी परस्पर बोलू गेल्यास प्रक्रियकच अडवतो. म्हणून रीतसर विनंती करावी लागते. विनंतीचा ठरलेला क्रमांक एका विशिष्ट कप्प्यात ठेवावयाचा, तिच्याबरोबरचे तपशील, जास्तीत जास्त सहा, नेमून दिलेल्या इतर कप्प्यांत भरावयाचे, आणि एक खास आज्ञा उच्चारून थांबावयाचे. गाभा जागा होतो, तपशील तपासतो, पटले तर काम करतो आणि उत्तर ठेवून निघून जातो. नकार असेल तर त्याच्याही कारणाला क्रमांक असतो. २ म्हणजे अशी फाईलच नाही, १३ म्हणजे तुम्हांस परवानगी नाही. आयुष्याची बारा वर्षे ‘थ्रू प्रॉपर चॅनेल’ लिहिण्यात घालविलेल्या माणसाला ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नव्हते.

ही कल्पना जुनी आहे. केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीचा पाया घातला, आणि उघडा, वाचा, लिहा, मिटा या चार साध्या मागण्यांत फाईल, छपाईयंत्र आणि दूरमुद्रक हे सारे बसविले. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने आरंभिलेल्या लिनक्सनेही तोच वळसा गिरविला. आज त्यात अशा विनंत्या तीनशेंहून अधिक आहेत. पण रोजच्या कामाला लागतात त्या बोटांवर मोजण्याइतक्या. नेहमीच्या चौसष्ट-बिटी यंत्रावर ‘वाचा’चा क्रमांक ० आणि ‘लिहा’चा, म्हणजे ‘राइट’चा, क्रमांक १.

एसट्रेस लावून मी माझी आज्ञावली सुरू केली. नुसती पायथन जागी होतानाच शेकडो मागण्या धबधब्यासारख्या कोसळल्या. त्या ओसरल्यावर मी एक काल्पनिक नोंद भरली आणि कळ दाबली. पडद्यावर ‘नोंद झाली’ उमटले. एसट्रेसच्या यादीत ते अक्षर पडद्यावर पाठविण्याची विनंती दिसली. फायलीत लिहिण्याची? नाही. मी दुसरी नोंद भरली, तिसरी भरली, दहावी भरली. प्रत्येक वेळी ‘नोंद झाली’ म्हणून सांगितले जात होते आणि फायलीसाठी एकही ‘राइट’ निघत नव्हते. शेवटी मी आज्ञावली बंद केली. त्या क्षणी एकच, लांबलचक ‘राइट’ बाहेर पडले आणि दहाही नोंदी एकदम गेल्या.

मी खुर्चीवरून उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

पायथन काटकसरी आहे. प्रत्येक विनंतीसाठी गाभ्याला उठविणे महाग पडते, म्हणून ती लिहावयाचा मजकूर आपल्याजवळच्या एका टोपलीत साठवीत राहते. माझ्या यंत्रावर त्या टोपलीचे माप ८,१९२ बाइटांचे होते. ती भरली, किंवा फाईल मिटली, की मगच मजकूर खाली जातो. माझ्या सदतीस नोंदी मिळून ती टोपली भरत नव्हती. रोज संध्याकाळी मी आज्ञावली बंद करीत असे तेव्हा सारे बिनबोभाट लिहिले जाई, म्हणून घोटाळा कधी उघडकीस आला नव्हता. कालबैशाखीच्या दिवशी ती बंद करण्याची संधीच मिळाली नाही. म्हणजे मासिमांचा अर्ज तीन तास माझ्याच आज्ञावलीच्या टोपलीत पडून होता. गाभ्याच्या कानापर्यंत तो गेलाच नव्हता, मग तबकडीची गोष्ट कशाला?

उपाय सोपा होता. टोपली रिकामी करावयास सांगणारा ‘फ्लश’ हा शब्द पायथनमध्ये आहेच. मी तो घातला. आता प्रत्येक नोंदीमागे एसट्रेसमध्ये ‘राइट’ दिसू लागले, आणि गाभ्याचे उत्तरही : अमुक इतके बाइट लिहिले. मी समाधानाने झोपी गेलो. पण कचेरीत बारा वर्षे काढलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी शंका यावी, हे स्वाभाविक होते. खालच्या मेजाने ‘मिळाले’ म्हटल्याने काम होते, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला आहे?

त्या रविवारी मी घरच्या यंत्रावर पाच नोंदी भरल्या, पाचवी होताच भिंतीतली पिन उपसली. यंत्र पुन्हा सुरू केले. पाचही नोंदी नव्हत्या. मी पुन्हा तसेच केले. मात्र या वेळी पिन उपसण्यापूर्वी चहा करून प्यालो. सर्व नोंदी होत्या.

लिनक्सच्या हस्तपुस्तिकेच्या दुसऱ्या विभागात या मूळ विनंत्यांची माहिती असते. ‘राइट’चे पान मी पूर्वीही चाळले होते, तळाच्या टिपा, अर्थातच, वाचल्या नव्हत्या. तेथे स्वच्छ सांगितले आहे की, राइट यशस्वी झाले म्हणजे मजकूर तबकडीवर पोहोचला अशी हमी नाही. गाभासुद्धा काटकसरी आहे! तो मजकूर आपल्या स्मरणात ठेवतो, पान ‘मळके’ झाले अशी खूण करतो, आणि सवडीने तबकडीवर उतरवतो. सर्वसाधारण मांडणीत त्याचे सेवक दर पाच सेकंदांनी फेरी मारतात आणि तीस सेकंदांहून जुनी मळकी पाने उचलतात. म्हणजे माझ्या चहाने नोंदी वाचविल्या होत्या.

ज्याला ही सवड परवडत नाही त्याने वेगळी विनंती करावयाची. तिचे नाव ‘एफसिंक’, क्रमांक ७४. ही फाईल तबकडीवर पक्की उतरेपर्यंत मी येथेच उभा आहे, असा तिचा आशय. पायथनच्या सुखासीन शब्दांनी भागत नाही, तेव्हा खालच्या थरातल्या मागण्या जवळजवळ मूळ रूपात हाती देणारा ‘ओएस’ नावाचा कप्पा उघडावा लागतो. त्यात ही विनंती आहे. मात्र तिला पायथनची फाईल देऊन चालत नाही. गाभ्याला पायथनचे लाड ठाऊक नाहीत. त्याच्या लेखी उघडलेली प्रत्येक फाईल म्हणजे एक लहानसा आकडा. ०, १ आणि २ हे आकडे येणे, जाणे आणि तक्रार यांसाठी आधीच राखलेले असतात, म्हणून माझ्या वहीला ३ मिळाला होता. आधी फ्लश, मग या ३ क्रमांकावर एफसिंक. हा क्रम उलटा झाला तर रिकाम्या हाताने तबकडीपर्यंत जाऊन परत येण्यासारखे होते. तसे मी एकदा करूनही पाहिले.

मी पुन्हा पिन उपसली. नोंदी होत्या. चौदा वेळा उपसली. घरातून विचारणा झाली, ‘यंत्र मोडावयाचे ठरविले आहे का?’

येथे थांबलो असतो तर शहाणपणाचे झाले असते. पण एकदा तळघराचे दार उघडल्यावर कोणाला राहवते? पायथनमध्ये २००६ पासून ‘सी-टाइप्स’ नावाची एक वाट आहे; तिने पायथनचे सारे मजले टाळून सी भाषेच्या ग्रंथालयात परस्पर उतरता येते. मी उतरलो, आणि नावगाव न सांगता नुसता ३९ हा आकडा पुढे केला. उत्तरादाखल माझ्याच प्रक्रियेचा क्रमांक आला. तोच क्रमांक रीतसर विचारूनही येतो, तेव्हा या उद्योगाचा व्यावहारिक उपयोग शून्य; परंतु त्या मध्यरात्री मला झालेला आनंद आठवला की अजून हसू येते. दुसऱ्या एका मित्राच्या एआरएम जातीच्या यंत्रावर त्याच प्रश्नाचा क्रमांक १७२ निघाला, तेव्हा ओएस कप्प्यातले शहाणे लोक हे आकडे आपल्यापासून का झाकून ठेवतात ते कळले. एकदा मी ‘राइट’ला स्मृतीचा खराखुरा पत्ता देण्याऐवजी भलताच आकडा दिला. मला वाटले, सारे कोसळणार. गाभ्याने शांतपणे चौदा क्रमांकाचे कारण लिहून कागद परत केला : पत्ता चुकीचा. आमच्या टपाल विभागाने यापेक्षा वेगळे काय केले असते?

या शहरात लिहिणाऱ्या नोकराचे नाते फार जुने आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कनिष्ठ कारकुनांना ‘रायटर’ म्हणत. त्यांच्यासाठी १७७७ साली बांधावयास घेतलेली रायटर्स बिल्डिंग अजून उभी आहे, जरी राज्याचे सचिवालय २०१३ साली हावड्याकडे गेले. तिच्यावरून जाताना मला हल्ली एक विचार येतो. त्या काळच्या रायटरने टाक उचलला की शाई कागदावर असे; ओली असली तरी असे. माझे आजोबा तालुक्याच्या कचेरीत बारनिशी सांभाळीत. नोंद झाल्यावर ते वही उलटी फिरवून खिडकीबाहेरच्या माणसाकडे करीत आणि म्हणत, ‘बघा, नाव बरोबर आहे ना?’ त्याला वाचता येत नसले तरी करीत. लहानपणी मला ती निव्वळ लकब वाटे.

एफसिंकवर तरी डोळे मिटून विश्वास ठेवावा, तर तेही नाही. नवी फाईल निर्माण केली असेल तर तिच्यातला मजकूर उतरतो, पण ती ज्या कप्प्यात आहे त्या कप्प्याच्या यादीत तिचे नाव उतरलेच असेल असे नाही. त्यासाठी कप्प्यालाही वेगळे एफसिंक करावे लागते. कागद कपाटात आहे आणि सूचीत नाही, हा प्रकार आमच्या अभिलेखागारात मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. याहून मोठी गोष्ट २०१८ साली उजेडात आली. पोस्टग्रेस ही जगभर वापरली जाणारी विदागाराची प्रणाली. तिचे कर्ते काही हौशी कारकून नव्हेत. एफसिंक अपयशी ठरले तर ते पुन्हा करून पाहावे, दुसऱ्यांदा यश आले म्हणजे मजकूर उतरला, अशी त्यांची जवळजवळ वीस वर्षे समजूत होती. लिनक्समध्ये प्रत्यक्षात पहिल्या अपयशानंतर गाभा ती पाने ‘स्वच्छ’ ठरवून मोकळा होई. मग दुसरे एफसिंक यशस्वी होई, कारण उतरवावयाचे काही शिल्लकच नसे! २०१९ च्या सुधारणेपासून पोस्टग्रेसने असे अपयश येताच स्वतःला थांबवून घ्यावयाचे आणि आपल्या रोजनिशीवरून सारे पुन्हा उभारावयाचे, असे ठरविले. मोठ्यांच्या चुकीने आपली चूक लहान होत नाही. तरी ती हकीकत वाचून मला त्या रात्री झोप बरी लागली, हे खरे.

या सावधगिरीची किंमतही आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला सुमारे आठ सहस्रांश सेकंद घेते, आणि प्रत्येक एफसिंकला असे एक-दोन फेरे तरी थांबावे लागते. दर सेकंदाला हजारो नोंदी घेणाऱ्या यंत्राला हे जड आहे. माझ्या खिडकीवर दिवसाला चाळीस माणसे येतात. त्यांच्यापैकी कोणाची घाई आठ सहस्रांश सेकंदांची नसते.

विभागप्रमुखांपुढे मी सारे लेखी मांडले. दोष यंत्राचा नसून आज्ञावली लिहिणाराचा आहे, असे टिप्पणीत लिहिताना हात जड झाला. ‘तांत्रिक कारणास्तव’ हे आपले सर्वांचे आवडते शब्द लेखणीच्या टोकाशी आले होते. ते लिहिले असते तर कोणी हरकत घेतली नसती, किंबहुना तसेच लिहा असे मला सुचविण्यातही आले. मी एवढेच केले की, ते लिहिले नाही. उरलेल्या छत्तीस दुहेरी क्रमांकांचा माग काढण्यास तीन संध्याकाळी गेल्या. त्यांतल्या चार अर्जांची गत मासिमांच्या अर्जासारखीच झाली होती. बाकीच्यांचे सुदैवाने निभावले होते. मासिमांचा अर्ज ‘४१२-अ’ म्हणून पुन्हा चालू झाला आणि दुर्गापूजेच्या आधी थकबाकी मंजूर झाली. पैसे त्यांच्या खात्यात जमा झाल्याचे मला कागदावरूनच कळले.

आज्ञावलीचा क्रम आता मी बदलला आहे. टोपली रिकामी होते, एफसिंक होते, त्याचे उत्तर तपासले जाते. मग फाईल नव्याने उघडून शेवटची ओळ परत वाचली जाते, आणि ती ओळ अर्जदाराकडे तोंड केलेल्या एका लहान पडद्यावर दिसते. ही परत वाचलेली ओळ गाभ्याच्या स्मरणातून येते, तबकडीवरून नव्हे, तेव्हा तिने काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ती मी ठेवली आहे. ‘नाम ठीक आछे तो?’ असे मी विचारतो. लोक चष्मा वर करून वाचतात. कोणी स्पेलिंग सुधारून घेतो. रांग थोडी लांबते, आणि मागून कोणी तरी कुरकुरतो. मग मी कळ दाबतो आणि पोच छापून येते.